पांढऱ्या केसाची मूठ

आमच्या घरात कुणाच्या डोक्यात पहिला पांढरा केस सापडला, की त्याच्या तोंडात गुळाचा खडा ठेवतात. हे सांगितलं की बाहेरची माणसं हसतात. लग्नानंतर नवऱ्याला कळलं तेव्हा तोही हसला होता आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

मुळशी धरणाच्या पाण्याला लागून आमची भातखाचरं आहेत. आजोबांचे केस तिशी ओलांडल्यावर पिकले, वडिलांचे सव्विसाव्या वर्षी आणि माझ्या धाकट्या भावाचे तर एकविसाव्या. गावात आमच्या घराला पिकल्या डोक्याचं घर म्हणतात. डोकं लवकर पिकलं म्हणजे शहाणपण लवकर आलं, देवाने डोक्यावर हात ठेवला, असा आमचा समज. म्हणून मे महिना सरताना राबात भाताचं बी टाकायची वेळ आली, की पहिली मूठ घरातल्या पांढऱ्या केसाच्या माणसानेच टाकायची. राब म्हणजे रोपं वाढवायची जागा. आधी शेण आणि पालापाचोळा पसरून ती भाजतात आणि मग त्या राखेच्या मातीत बी फेकतात. भाजणीच्या दिवसांत धूर वर न जाता पाण्यावर पसरून राहतो, पलीकडचा डोंगर दिसेनासा होतो, आणि पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. माझं लहानपण मला नेहमी त्या धुरातूनच आठवतं, कडा पुसट झालेलं.

त्या पुसट चित्रात वडील मात्र स्पष्ट दिसतात. डोक्याला धुतलेलं पांढरं पागोटं, त्याखाली तितकेच पांढरे केस, हातात टोपली. ते पूर्वेकडे तोंड करून उभे राहायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि हात असा फिरवायचे की बी हवेत क्षणभर थांबल्यासारखं वाटायचं. मला तेवढंच हवं होतं. घर नको, जमीन नको, ती मूठ हवी होती. मी थोरली होते, अभ्यासात पुढे होते आणि शेतात कुणाला हार जात नव्हते. पण माझे केस आईकडून आलेले, जांभळासारखे काळे. दहा-अकरा वर्षांची असताना मी शाळेतला खडू कुटून भांगात भरला आणि आईसमोर जाऊन उभी राहिले. आईने पदराने माझं डोकं पुसलं.

"येडे, देवाला फसवतीस व्हय?" ती म्हणाली.

पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले. फळा पुसताना खडूची पूड रोज केसांवर बसते. माझ्या वाट्याला आलेला पांढरेपणा तेवढाच.

वडील सत्तावन्नाव्या वर्षी दम्याने गेले. दमा हा आमचा शब्द. शेवटची दोन वर्षं त्यांना चार पावलं चाललं की बांधावर बसावं लागायचं आणि खोकला कोरडा, लाकूड तासल्यासारखा. गाव म्हणालं, जन्मभर राबाचा धूर खाल्ला, दुसरं काय होणार. आम्हीही मान डोलावली. त्यांचे एक चुलते त्याआधी यकृताने गेले होते. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, तरी गाव म्हणालं, चोरून पीत असणार. आमच्या घरानेही ते खरं मानलं आणि त्या माणसाचा फोटो भिंतीवर लावला नाही. आता त्याची लाज वाटते.

वडील गेले त्या वर्षी पहिली मूठ कोण टाकणार, हा प्रश्न मला पडला होता, घरात दुसऱ्या कुणाला पडलाच नव्हता. मी सासरहून, भुकूमहून सकाळीच आले, नवी साडी नेसून. शेवटच्या आजारपणात वडिलांना आंघोळ मी घातली होती, औषधं मी आणली होती. मला वाटलं होतं, यंदा निदान आई विचारेल तरी. आईने टोपली उचलली आणि भावाच्या हातात दिली. त्याचं डोकं तेव्हाच निम्मं पांढरं झालं होतं. तो माझ्याकडे बघून हसला. आजही मला ठाऊक नाही की त्या हसण्यात चिडवणं होतं की ओशाळेपणा. मी चिडवणं धरलं, तशीच पाण्याच्या कडेने रस्त्यावर आले आणि एसटी पकडून घरी गेले.

त्यानंतर सहा वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. सणाला गेले तर आईशी बोलायचे, वहिनीशी बोलायचे, त्याच्या मुलीला कडेवर घ्यायचे आणि तो ओसरीवर आला की मी स्वयंपाकघरात जायचे. त्याने आधी दोनदा निरोप धाडले, मग त्यानेही सोडून दिलं. स्वभावच तसा माझा, एकदा गाठ बसली की सुटत नाही. मला मूलबाळ नाही, भावंड एकच, आणि तेही मी असं घालवून बसले होते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. भावाच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, अंगावर न लागता निळे डाग उठत होते आणि पोत्याला हात लावायचीही ताकद राहिली नव्हती. पौडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि पुण्याला मोठ्या इस्पितळात धाडलं. मी शाळेतून थेट तिथे गेले. तो बाकावर बसला होता, अडतीस वर्षांचा, कापसासारखं डोकं. शेजारच्या बाईने मला विचारलं, "वडील का तुमचे?" तो हसला, मीही हसले, आणि सहा वर्षांचा अबोला तिथेच संपला.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या, हळू बोलणाऱ्या. घरात काही आजार आहे का, असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघं एका दमात म्हणालो, "नाही, काही नाही." वडिलांचा दमा धुराचा, चुलत आजोबांचं यकृत दारूचं, मग आजार म्हणून सांगायचं काय? बाईंनी भावाची नखं हातात घेऊन पाहिली, त्यावर उभ्या रेघा होत्या. मग त्यांची नजर त्याच्या डोक्यावर गेली.

"केस कधीपासून पांढरे आहेत?"

भाऊ खुर्चीत सरळ बसला. त्याला वाटलं, शहरातसुद्धा याची किंमत कळणारं कुणीतरी भेटलं. "एकविसाव्या वर्षी पिकलं, म्याडम. आमच्या वाडवडलांचं वैशिष्ट्यच हाय ते. पिढीगणिक लवकर पिकतंय. समद्यात लवकर माझंच."

तो अभिमानाने सांगत होता आणि बाई भराभर लिहून घेत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीतरी उमगायला लागलं.

नंतर त्यांनी समजावलं. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात आणि त्यांच्या टोकांना टोपणासारखा एक भाग असतो, टेलोमिअर. पेशी दुभंगली की तो थोडा झिजतो. झिजत झिजत फार आखूड झाला की ती पेशी पुढे दुभंगत नाही, थकून बसते. सगळ्यांचंच असं होतं, म्हातारपणाचा एक धागा तिथून जातो. पण काही घराण्यांत ही टोकं राखणाऱ्या यंत्रणेतच दोष असतो. मूल जन्मतःच आखूड टोकं घेऊन येतं, आणि पुढच्या पिढीत ती आणखी आखूड. मग केस लवकर पिकतात. फुप्फुसं आतून निबर होतात आणि त्याला लोक दमा म्हणतात. दारू न पिता यकृत जातं. हाडातला मगज नवं रक्त करायचं थांबवतो, तसं भावाचं झालं होतं.

मी चौदा वर्षं मुलांना पेशीविभाजन शिकवते आहे. फळ्यावर गुणसूत्रांच्या जोड्या काढते, रंगीत खडूने. त्यांच्या टोकांशी माझं घर असं टांगलेलं असेल, हे मला कधी सुचलं नाही.

भावाला मात्र माझ्याआधी कळलं. परतीच्या गाडीत तो म्हणाला, "ताई, म्हंजी कासऱ्यावानीच की." आमच्याकडे बैलाच्या कासऱ्याचं टोक सुतळीने आवळून बांधतात, नाहीतर पीळ सुटतो. दरसाल ते टोक विसकटतं, मग तेवढं कापायचं आणि पुन्हा आवळायचं. वडील दर बेंदराला, बैलांच्या सणाला, ओसरीवर बसून तेच करायचे. कासरा दरसाल वीतभर आखूड होतो आणि एके साली खुंट्यापर्यंत पोचत नाही. "माझा पोचत न्हाई आता," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या दिवसांत मला एकच गोष्ट खात होती. पुढच्या खेपेला त्याला रक्त चढवत असताना मी बाईंना एकटी जाऊन विचारलं, "आम्ही सहा वर्षं बोलत नव्हतो. त्याचा त्याला फार त्रास झाला म्हणतात. त्याने ही टोकं झिजली असतील का?" त्या म्हणाल्या, खूप काळच्या ताणाने, धुराने, तंबाखूने ती लवकर झिजतात असं दिसतं, कुणाचीही. पण तुमच्या भावाला ती मुळातच आखूड मिळालेली आहेत. "तुमच्या अबोल्याचा वाटा किती, हे मोजायची पट्टी माझ्याकडे नाही." त्या खोटं बोलून "छे, मुळीच नाही" म्हणाल्या असत्या तर मला झोप लागली असती.

उपाय एक होता. सख्ख्या भावंडाचा मगज जुळला, तर तो भावाला देता येईल. माझं रक्त तपासलं आणि ते पूर्ण जुळलं. ती बातमी ऐकून आई देवासमोर बसून रडली. गावात कळलं आणि भाजीच्या दुकानात बायका माझ्या वेणीला हात लावून म्हणायच्या, "बरं झालं बया, तू तरी काळी राह्यलीस." ज्या केसांपायी मी घरात उणी ठरले, ते एकाएकी सगळ्यांना सोन्याचे वाटायला लागले. मलाही वाटायला लागले. मी आरशासमोर उभी राहून वेणी पुढे घ्यायचे आणि मनात म्हणायचे, घे, आता कळलं ना, मी कशासाठी राहिले होते ते.

डॉक्टर बाईंनी मात्र एक अट घातली होती. देणाऱ्याची टोकं नीट लांब आहेत ना, हे आधी तपासायचं. माझं रक्त त्या तपासणीसाठी बाहेर पाठवलं आणि निकालाला पाच आठवडे लागतील असं सांगितलं. मी मान डोलावली. निकाल मला माहीतच आहे असं मी धरून चालले होते. मी भावाला सांगितलंही, "अरे, हे डोकं बघ की. याला काय तपासायचंय?"

ते पाच आठवडे माझ्या आठवणीत एका लांब सकाळीसारखे आहेत. मार्चचे दिवस होते, धरणाचं पाणी रोज थोडं उतरत होतं. सुट्टी काढून मी माहेरीच राहिले होते. उजाडताना मी काठावर जाऊन बसायचे. पाणी खाली गेलं की बुडालेल्या जुन्या शिवाराचे बांध वर येतात, एकापाठोपाठ एक, ओले, गाळाने गुळगुळीत झालेले. लहानपणी वडील बोट दाखवून म्हणायचे, ते आपलं वावर, तिथं तुझा पणजा पेरायचा. आता तिथे कुणी पेरत नाही, पण बांधांना ठाऊक आहे कुठे वळायचं ते. धुक्यातून एखादी होडी आवाज न करता जायची. मला डुलकी लागायची आणि डोळ्यांसमोर धागे यायचे, असंख्य, पाण्यातल्या शेवाळासारखे हलणारे. मी त्यांची टोकं चिमटीत धरून भावाकडे द्यायचे आणि तो म्हणायचा, आण इकडं, बांधतो. जागी झाले की पाय गार पडलेले असायचे आणि मन अगदी हलकं. इतकी सुखी मी बऱ्याच वर्षांत झाले नव्हते.

भाऊ कधीकधी तोंडाला मास्क, त्याच्या भाषेत मुसकं, लावून शेजारी येऊन बसायचा. त्याच्या पांढऱ्या रक्तपेशी कमी, म्हणून मातीची धूळ आणि गर्दी त्याला बंद होती. तो गोळ्या घेत होता, दर पंधरवड्याला रक्त चढत होतं. एकदा तो म्हणाला, "त्या दिशी मी हसलो ना, ते लाजून हसलो व्हतो. मला वाटत व्हतं टोपली तुला द्यावी. आयेपुढं बोलायची छाती झाली न्हाई." मी म्हटलं, "सहा वर्षं लागली हे सांगायला?" तो म्हणाला, "तू कुटं थांबलीस ऐकायला?"

निकाल एप्रिलच्या मध्यावर आला. बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. कागद माझ्याकडे न देता त्यांनी स्वतःच्याच हातात ठेवला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

माझीही टोकं आखूड होती. भावाइतकी नाहीत, पण माझ्या वयाला असायला हवीत त्याहून खूपच. तोच दोष माझ्यात होता, वडिलांकडून आलेला. तो प्रत्येकात सारखा दिसत नाही, बाई सांगत होत्या, कुणाचे केस पिकतात, कुणाचे नाही. काळ्या केसांवरून काहीच ठरत नाही. माझा मगज भावाला देता येणार नव्हता. शिवाय मलाही आता दरवर्षी फुप्फुसं आणि रक्त तपासून घ्यावं लागेल, धुरापासून लांब राहावं लागेल.

मला आधी स्वतःची भीती वाटली नाही, राग आला. त्या वेणीचा राग आला. अडाणी म्हणून बाहेरचे ज्या घराला हसायचे, त्या घरासारखीच मीही केस बघून नशीब वाचत बसले होते. त्यांनी पांढऱ्यात देव पाहिला, मी काळ्यात पाहिला. आणि विज्ञान शिकवते मी! मी तिथे खुर्चीत ओक्साबोक्शी रडले. "मी तुला काहीच देऊ शकत नाही," एवढंच मला म्हणता येत होतं.

भावाने माझ्या पाठीवर हात ठेवला. निळ्या डागांनी भरलेला तो हात मला लहानपणचाच वाटला. मुसक्याआडून तो म्हणाला, "रडू नको. आता तू बी पिकल्या डोक्याचीच. लई हौस व्हती ना तुला?" आणि मग तो हसायला लागला, इतका की त्याला खोकला आला आणि बाईंनी पाणी मागवलं. मीही रडता रडता हसले. असला विनोद आमच्याच घरात होतो.

घरी आलो तेव्हा आई ओसरीवर नातीचे केस विंचरत होती. भावाची मुलगी अकरा वर्षांची आहे, दोन लांब काळ्या वेण्या. पूर्वी आई असे केस विंचरताना भांगात पांढरा केस शोधायची, गुळाचा डबा जवळच ठेवून. त्या दिवशीही ती बट बट वेगळी करून उजेडात धरत होती, पण डबा जवळ नव्हता. मी तिच्या हातातून फणी घेतली. म्हटलं, "आई, केसांत काही दिसत नाही. तिचंही रक्तच तपासायचं, बाईंनी सांगितलंय." आई म्हणाली, "मंग मी काय बघू?" मी पोरीच्या वेण्या घातल्या.

आता दाते शोधण्याच्या यादीत भावाचं नाव आहे. कुठल्यातरी अनोळखी माणसाचा मगज जुळेल, याची वाट आम्ही बघतोय. गोळ्यांनी रक्त थोडं वर आलंय, बाई त्याला बरं म्हणतात. यंदा आम्ही राब भाजला नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदाच झालं. पालापाचोळा कुजवून खत केलं आणि तेच वाफ्यात पसरलं. पाण्यावर धूर नव्हता, समोरचा डोंगर लख्ख दिसत होता, आणि मला ते सगळं परक्या गावासारखं वाटलं.

मेच्या शेवटी बी टाकायचा दिवस आला. भाऊ वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब बांधावर खुर्ची टाकून बसला होता, मुसकं लावून. आईने टोपली उचलली आणि सवयीने त्याच्याकडे वळली. त्याने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. आई माझ्यापाशी आली. टोपली देताना तिने माझ्या डोक्यावरून, काळ्या केसांवरून एकदा हात फिरवला.

मी पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले. वडील काय पुटपुटायचे ते मला कधीच कळलं नव्हतं, म्हणून मी काही म्हटलं नाही. टोपलीत हात घातला, आंबेमोहराचा वास आला, मूठ भरली. जिच्यासाठी मी सहा वर्षं भावाशी बोलले नव्हते ती मूठ माझ्या हातात होती आणि ती मला नको होती. ती त्याच्या हातात असायला हवी होती. हात पुढे केला तरी बोटं उघडेनात.

"सोड की, ताई," बांधावरून भाऊ ओरडला. आवाजात दम नव्हता, तरी ऐकू आलं. "धरून काय ऱ्हातंय का?"

मी मूठ सोडली.